मुलींची यादी, मुलांची यादी

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात किशोरी गटाच्या कामासाठी बोईसरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गेले होते. बाहेरच्या भिंतीवर दोन कागद चिकटवलेले होते. अकरावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कॉलेजात व्यवसायशिक्षणासाठी पाठवायचे ठरले होते, त्याची ती यादी. पहिल्या कागदावर वायरिंग, नळजोडणी, दुचाकी दुरुस्ती आणि खाली सगळी मुलांची नावे. दुसऱ्यावर शिवण आणि ब्युटी पार्लर, खाली सगळी मुलींची. मुलींना विचारले होते का, असे मी सरांना विचारले. त्यांना प्रश्नाचा रोखच कळला नाही. "ताई, मुलींच्या आवडीचंच ठेवलंय की," ते म्हणाले. माणूस भला आहे. मुलींची शाळा सुटू नये म्हणून घरोघर फिरणारा आहे. म्हणून तर ते जास्त लागले.

शिवणाच्या यादीतले एक नाव निळ्या पेनने खोडलेले होते. वायरिंगच्या यादीत सगळ्यात खाली, मुलांच्या नावांनंतर, त्याच पेनने ते लिहिलेले होते. पुढच्या आठवड्यात गेले तर नवी यादी टाइप करून लावलेली, आणि नाव पुन्हा शिवणात.

मी तिच्या घरी गेले. आई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, ठेकेदारामार्फत. मला वाटले होते, आईच म्हणेल की मुलीच्या जातीला वायरींचे काम कशाला. ती म्हणाली, "शिवण तिला येतंच. मीच शिकवलंय. आता कॉलेजवाले आणखी काय शिकवणार?" मग थोड्या वेळाने आपणहून बोलू लागली. "आमच्या खात्यात मशीन बंद पडली की वायरमनला बोलावतात. तो येईस्तोवर आम्ही उभ्या. तो आला की साहेबसुद्धा त्याला विचारतो, किती वेळ लागेल म्हणून. आम्हाला कोण काय विचारतं?"

व्यवसायशिक्षणावर मी पुष्कळ अहवाल वाचले आहेत. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात ते वाचावेच लागतात. पण मजुरीच्या बाजारात कौशल्य म्हणजे काय, हे त्या बाईने जितके नेमके सांगितले तितके त्यांतल्या कुठल्याही अहवालात सापडले नव्हते. मशीन ज्याच्यावाचून अडते त्याला विचारतात.

शिवणकामाला नाक मुरडण्याचा माझा हेतू नाही. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले तेव्हा विधवांना आणि टाकलेल्या बायकांना हातात एखादी कला मिळणे म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरची मिंधी भाकरी सुटणे होते. आजही पालघरच्या चाळींमध्ये एकेका शिवणयंत्रावर मुलांच्या फिया भरल्या जातात. पण त्याच काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात बायका छापखाना चालवत होत्या, खिळे जुळवत होत्या, हेही आपण विसरू नये. केस कापलेल्या विधवेच्या हाती यंत्र द्यायला रमाबाई कचरल्या नाहीत. शंभराहून अधिक वर्षांनी आपण मात्र सोळा वर्षांच्या मुलीला टेस्टर द्यायला कचरतो, आणि वर ते तिच्या आवडीच्या नावावर खपवतो.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जिल्ह्यातली सुमारे ३७ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. पश्चिमेला सातपाटी, केळवे, तारापूर, डहाणूची किनारपट्टी, पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, आणि मधून जाणारी रेल्वे. त्या रेल्वेच्या कडेला बोईसर. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड, पोलाद असे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. म्हणजे काम नाही अशी ही जागा नव्हे. शाळेच्या गच्चीवरून चिमण्या दिसतात. त्या चिमण्यांखाली फिटर लागतो, इलेक्ट्रिशियन लागतो, उपकरणे दुरुस्त करणारा लागतो, प्रयोगशाळेत नमुने तपासणारा लागतो. आयटीआयमध्ये केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांटचा लॅबोरेटरी असिस्टंट असे स्वतंत्र व्यवसायच शिकवले जातात. असे असताना मुलींच्या यादीत पार्लर येते कुठून? बोईसरला पार्लरांची टंचाई आहे, असे तर कुणी म्हणत नाही.

मला याचे उत्तर साधे वाटते. पार्लर आणि शिवण हे घरी बसून करता येते, लग्नानंतर करता येते, नवऱ्याच्या गावी करता येते. ही यादी नोकरी डोळ्यांपुढे ठेवून केलेली नसून लग्न डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. सरांना ते ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक असायला हवे.

मुलांना शाळेबाहेरच्या कॉलेजात हात चालवायला पाठवण्याची कल्पना आज निघालेली नाही. सरकारी तांत्रिक विद्यालयांमध्ये आसपासच्या शाळांतली मुले पूर्वीपासून जात आली आहेत. अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम आले. १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले. ज्याला सगळे 'एमसीव्हीसी' म्हणत, ते हेच. उद्दिष्टेही मोठमोठी. कोठारी आयोगाने म्हटले होते की १९८६ पर्यंत उच्च माध्यमिकची निम्मी मुले व्यवसायशिक्षणात असावीत. १९८६ चे धोरण आले, तेव्हा आकडा खाली आला, १९९५ पर्यंत २५ टक्के. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा ५० टक्के झाले, २०२५ पर्यंत, तेही 'व्यवसायशिक्षणाची ओळख' एवढ्यापुरते. याच धोरणात शाळांनी आयटीआय, तंत्रनिकेतने आणि स्थानिक उद्योगांशी जोडून घ्यावे असे सांगितले आहे. त्यातून बाहेरच्या कॉलेजांत पाठवण्याला पुन्हा जोर आला आहे.

एवढ्या सगळ्या वर्षांत किती टक्के, हे विचारले गेले. कुणाला काय, हे फारसे विचारले गेले नाही.

जिथे हे विचारले गेले तिथे उत्तर काही फार वेगळे आले नाही. इंग्लंडमध्ये २००२ पासून चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना शाळेतून बाहेरच्या कॉलेजात व्यवसायशिक्षणाला पाठवण्याची सरकारी योजना सुरू झाली. तिथेही मुली केशरचनेकडे आणि सौंदर्यप्रसाधनाकडे, मुले बांधकामाकडे आणि यंत्रांकडे. तिथल्या समान संधी आयोगाने २००५ मध्ये या प्रकाराची रीतसर चौकशीच केली. म्हणजे दारे उघडी टाकली की मुली आपोआप आत जातील, हे खरे नाही. ज्या देशात मुलगी रात्री दहाला एकटी बसने घरी जाते तिथे जर ही गत, तर आमच्या मुलींनी 'आवडीने' शिवण घेतले यात नवल काय?

याच्या उलटचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय गेला, आठवी ते दहावीसाठी. आठवड्यातला एक दिवस हाताने काम. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार भाग, आणि ते सगळ्यांना. मुलीने वेल्डिंग करायचे, मुलाने स्वयंपाक आणि रक्तगट तपासणी करायची. त्यात निवडीला जागाच नाही, आणि मला वाटते त्याचे मर्म तिथेच आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलीला 'तुला काय आवडते' असे विचारणे म्हणजे घराने तिच्या कानात चौदा वर्षे जे सांगितले ते परत ऐकणे. आधी तिच्या हाताला चारही कामे लागू देत, मग विचारा.

आमच्याच गटात यावर दोन मते आहेत. एक मैत्रीण म्हणते, मुलींच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली तू पुन्हा सक्तीच आणतेस. मी म्हणते, गणिताची सक्ती चालते, तर पक्कड-पान्ह्याची का नको?

आता वाटेचा प्रश्न. सभांमध्ये यावर कुणी बोलत नाही आणि मुलींची शाळा मात्र यावरच सुटते.

बाहेरचे कॉलेज म्हणजे बाहेर जाणे आले. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, पण तो घर ते शाळा एवढ्या मार्गाचा. शाळेतून पालघरचे कॉलेज आणि तिथून घर, या वाटेचा नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्याचा उपयोग होतो, पण तो एसटी आली तर. आमच्या त्या यादीतल्या मुलींचा हिशेब असा: वर्ग साडेचारला सुटतो, पालघर स्टेशनपर्यंत रिक्षा, बोईसरपर्यंत गाडी, पुढे पुन्हा शेअर रिक्षा, आणि शेवटचा तुकडा पायी. विरार-डहाणू लोकल २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून गाड्यांची सोय थोडी बरी झाली, हे खरे. तरी एक गाडी चुकली की अंधार पडतो, आणि बहुतेक घरांची मुलीला घातलेली अट एकच असते, दिवेलागणीच्या आत उंबऱ्यात. मुलांचे काय? त्यांतल्या दोघांकडे मोटारसायकली होत्या, बाकीचे त्यांच्या मागे बसले.

ऑक्टोबरपर्यंत शिवणाच्या वर्गातल्या मुलींपैकी निम्म्या गळल्या होत्या. कॉलेजच्या वहीत कारण लिहिले होते, 'विद्यार्थिनींना रस नाही'. वहीतल्या कारणांवरून पुढचे धोरण ठरते, म्हणून हे इथे लिहून ठेवते.

याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उलटे करून दाखवले होते. आदिवासी मुले गुरे राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणत तिला. मूल शाळेत येत नाही याचा दोष त्यांनी मुलाच्या 'रसा'ला दिला नाही. आज एका शिक्षकाला आणि साहित्याच्या गाडीला आठवड्यातून एक दिवस चार शाळांच्या मधल्या गावात पाठवणे अवघड आहे का? वायरिंगचा बोर्ड गाडीत मावतो. जे मावत नाही, लेथ किंवा प्रयोगशाळा, त्यासाठी मुलींना न्यावे, पण शाळेच्या वेळेत, शाळेच्या बसने, आणि सोबत एक बाई शिक्षिका देऊन. नाहीतर हा दिवस मुलींच्या खर्चाने आणि मुलींच्या जोखमीवर चालतो.

जोखीम म्हटली की आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मुलगी शिकते एका संस्थेत, जाते दुसऱ्या संस्थेत, आणि पुढे प्रात्यक्षिकासाठी तिसऱ्या ठिकाणी, एखाद्या दुकानात किंवा कारखान्यात. तिथल्या कुणी हात लावला, घाणेरडे बोलले, तर तिने कुणाकडे जायचे? २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, शिक्षणसंस्थाही त्यात येतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहेच. पण दोन कॉलेजांमधल्या करारात याचा एक शब्दही नव्हता. मी तो कागद मागून वाचला. फी किती, बाके किती, हजेरी कुणी घ्यायची, हे सगळे होते. मी हे विचारल्यावर शाळेने कॉलेजकडे बोट दाखवले आणि कॉलेजने शाळेकडे. अशा करारात एवढे तरी लिहून घ्या की तक्रार कुठे करायची, त्या समितीवरच्या बाईचे नाव काय, आणि मुलगी वर्गातून घरी पोचेपर्यंत जबाबदारी कुणाची.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मुलींनी शिकून जायचे कुठे तर त्या विषारी वसाहतीत ना? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या प्रदूषित औद्योगिक वसाहतींमध्ये तारापूरचा क्रमांक पहिला होता. जानेवारी २०२० चा स्फोट बोईसरचा माणूस अजून विसरलेला नाही. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण मी स्वतः तो मांडत आले. पण त्या मुलीची आई आत आहेच. पॅकिंगमध्ये, झाडलोटीत, गोण्या उचलायला, ठेकेदाराच्या वहीवर. विषाचा वास बायकांना आधीच येतो आहे, त्या विषाचे नाव मात्र त्यांना कुणी सांगितलेले नाही. जिला पिंपावरची खूण वाचता येते, झडप कुठली बंद करायची ते कळते, ती स्वतःलाही वाचवते आणि शेजारणीलाही. म्हणून मला मुली तिथे हव्यात, पण शिकून, आणि नेमणुकीचे पत्र हातात घेऊन.

आणि वयाची अट पाळून. अठरा पूर्ण नसलेल्या मुलामुलींना धोकादायक कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीने बंदी केली आहे. धोकादायक उद्योगातल्या शिकाऊ उमेदवारीलाही अठराचीच अट आहे. तेव्हा अकरावी-बारावीचे 'प्रात्यक्षिक' थेट केमिकल प्लांटमध्ये होऊ नये. कार्यशाळा कॉलेजातच हवी. प्रशिक्षणाच्या नावाखाली दोन महिने फुकट किंवा चहापाण्यावर पॅकिंग करून घेतल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. त्याला शिक्षण म्हणायला आपण तयार होता कामा नये.

अठरानंतर मात्र हक्काने मागायला हवे. २०१९ पासूनच्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, ठेक्यावरची माणसे धरून, अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. तारापूरच्या कारखान्यांत त्यांतल्या मुली किती? ही माहिती मागायला हवी. सरकारी आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, पण मुली आल्या नाहीत की त्या जागा मुलांकडे जातात आणि आरक्षण पाळले गेल्याचीच नोंद होते. रात्रपाळीचे कारण आता पुढे करता येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना मनाई केली होती, महाराष्ट्राने २०१५ मध्ये ती सुरक्षिततेच्या अटींवर सैल केली. मनाई गेली, तशा अटी पाळल्या जातात का, हे बघणारे कुणीतरी हवे.

एक भीती मला शेवटपर्यंत राहते आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. व्यवसायशिक्षण कुणासाठी? वसाहतीतल्या कॉलनीतली मुले इंजिनिअरिंगच्या शिकवण्यांना जातात, आणि आश्रमशाळेतल्या वारली, कातकरी मुलामुलींना 'कौशल्य' दिले जाते. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठली. आता वाढवणचे बंदर येते आहे, २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली, मच्छीमारांचा विरोध चालूच आहे, आणि स्थानिक तरुणांना कौशल्यप्रशिक्षण देण्याच्या घोषणाही चालू आहेत. घर आणि समुद्र गेल्यावर हातात एक प्रमाणपत्र, हा सौदा मला मान्य नाही. वायरिंग शिकलेल्या मुलीला पुढे पदविकेला, पदवीला जाता आले पाहिजे, तिचे गणित आणि विज्ञान सुटता कामा नये. अकरावीतच तो रस्ता बंद करणारा अभ्यासक्रम कितीही चकचकीत असला तरी आपण त्याला विरोध करायला हवा.

त्या कॉलेजात यंदा काय झाले ते सांगते. पालकसभेत आम्ही विषय काढला. बराच वाद झाला. शेवटी सरांनीच तोडगा काढला: नावे न टाकता सगळे विषय एकाच कागदावर लावायचे आणि ज्याने त्याने आपले नाव लिहायचे. चार मुलींनी वायरिंग लिहिले. एका मुलाने शिवण लिहिले, त्याच्या बापाचे टेलरिंगचे दुकान आहे. चारपैकी दोघींनी ऑगस्टमध्ये सोडले, कारण बस नाही. निळ्या पेनवाली आता बारावीत आहे, ती त्या दोघींत नाही. बससाठी शाळेने अर्ज केला आहे, त्याच्या मागे आम्ही आहोत.

वाचक मैत्रिणींना एक विनंती. आपापल्या भागातल्या शाळा-कॉलेजात जाऊन ही यादी बघा. मुलींना कोणते विषय दिले, ते कुणी ठरवले, बाहेरचे कॉलेज किती लांब, वर्ग सुटल्यावर पहिली बस किती वाजता, तक्रारीसाठी कुणाचे नाव लावले आहे, एवढे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे मासिकाच्या पत्त्यावर कळवा. वसई, डहाणू, जव्हारकडची उत्तरे आली तर पुढच्या अंकाच्या आधी ती घेऊन आपल्याला जिल्ह्याच्या व्यवसायशिक्षण कार्यालयात जाता येईल.